पोलिस, ट्राय, ईडीच्या नावाने येणारे फोन : ज्येष्ठांना नेमकं काय सांगायचं?

चिटणीस_बी_विंग

आमच्या सोसायटीत साठीच्या पुढची बरीच मंडळी एकटी किंवा दोघंच राहतात. पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी तासाभराची बैठक ठेवली आहे. विषय : सरकारी अधिकारी असल्याचं भासवून येणारे फोन. जालावर मिळणारी माहिती बहुतेक 'ओटीपी कोणाला देऊ नका' इथेच संपते. डिजिटल अरेस्टच्या (व्हिडिओ कॉलवर अटक झाल्याचं भासवून घरात अडकवण्याच्या) प्रकारात मात्र ओटीपी कोणी मागतच नाही. माणूस स्वतःच्या पायांनी बँकेत जातो, एफडी मोडतो आणि आरटीजीएस करून, म्हणजे बँकेमार्फत मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवून येतो.

दुसरी अडचण अशी की पोलिसांचे खरे फोनही येतात. पासपोर्टची पडताळणी असते, भाडेकरूची नोंद असते, कधी एखाद्या घटनेचे साक्षीदार म्हणून बोलावतात. 'सरकारी खात्यातून फोन येतच नाही' असं ठोकून सांगितलं आणि ते खोटं ठरलं, की बाकीच्या सल्ल्यावरचाही विश्वास उडतो.

तर जाणकारांनी सांगावं : खरा-खोटा फरक कशावरून करायचा, फोन चालू असताना काय बोलायचं, कागद दाखवले तर ते कसे तपासायचे, आणि पैसे गेलेच तर लगेच काय करायचं? फसलेल्यांच्या कथा नकोत, त्या पुरेशा ऐकून झाल्यात. बैठकीत सांगता येईल असं ठोस हवं.

टॉवरखाली

आधी या फोनचा साचा सांगतो. खात्यांची नावं बदलतात, क्रम फारसा बदलत नाही.

सुरुवात बहुधा रेकॉर्ड केलेल्या आवाजाने होते : 'तुमचा मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा.' किंवा कुरिअरचं नाव घेऊन, तुमच्या आधारवर परदेशी पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचं सांगतात. ९ दाबलं की 'ट्रायचा अधिकारी' येतो. हा गोड बोलणारा असतो. तुमच्या आधारवर दुसऱ्या शहरात सिम घेतलं गेलंय, त्यावरून लोकांना अश्लील मेसेज गेलेत, तिथे गुन्हा नोंदलाय वगैरे. 'तुम्ही सज्जन वाटता, तक्रार देऊन टाका, मी थेट पोलिसांना जोडून देतो.' खरी मेख इथे आहे. पुढचा 'पोलिस' आपणच मागितलेली मदत म्हणून फोनवर येतो, त्यामुळे त्याच्याकडे संशयाने पाहायचं सुचतच नाही.

मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. गणवेश, मागे बोधचिन्ह, वायरलेसची खरखर. आता प्रकरण मेसेजवरून मनी लाँडरिंगवर जातं, सीबीआय किंवा ईडी येते, कधी कोटातला 'न्यायाधीश'ही येतो. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरच्यांना सांगायचं नाही. शेवट ठरलेला : 'तुमचा पैसा स्वच्छ आहे का ते तपासायचंय, सगळी रक्कम या सरकारी खात्यात टाका, पडताळणी झाली की परत मिळेल.'

बैठकीत तीन गोष्टी ठासून सांगा.

ट्राय ही दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था आहे. ती कोणा ग्राहकाचं सिम बंद करत नाही आणि त्यासाठी फोनही करत नाही. सिमची पडताळणी वा बंद करणं हे तुमच्या मोबाइल कंपनीचं काम. आपल्या नावावर खरोखर किती सिम आहेत ते 'संचार साथी' संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या क्रमांकाने लॉगिन करून दिसतं. अनोळखी क्रमांक निघाला तर 'हा माझा नाही' असं तिथेच कळवता येतं. म्हणजे ज्या धमकीने फोन सुरू होतो ती खरी की खोटी हे पाच मिनिटांत घरबसल्या कळतं.

समोरच्याला तुमचं नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे माहीत असणं हा कसलाही पुरावा नाही. फुटलेल्या याद्या विकत मिळतात. 'त्याला माझ्या मुलीचं नावसुद्धा ठाऊक होतं' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक तक्रारीत असतं.

तिसरी गोष्ट क्रमांकाची. दूरसंचार विभागाने बँका, वित्तसंस्था आणि सरकारी खात्यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६० ने सुरू होणारी मालिका दिली आहे. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० आहे. एसएमएसच्या बाबतीत मे २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर लागतं, सरकारी संदेशाला इंग्रजी 'जी'. साध्या दहा आकडी क्रमांकावरून आलेला 'सरकारी' एसएमएस सरळ कचऱ्यात. फोनला हा नियम तसाच लावता येत नाही, कारण पोलिस ठाण्यातला हवालदार स्वतःच्या मोबाइलवरूनही फोन करतो. उलट ठग सिम बॉक्स लावून परदेशातला कॉल इथल्या साध्या क्रमांकावरून उतरवतात. व्हॉट्सॲपवरचा पोलिसांचा लोगो आणि कॉलर आयडी ॲपमध्ये झळकणारं 'पोलिस स्टेशन' हे नाव तर कोणीही लावू शकतं. क्रमांक पाहून संशय घ्यावा, पण नुसत्या क्रमांकावर भरवसा कधीच ठेवू नये.

त्यामुळे ओळखायचं कसं, यापेक्षा पडताळायचं कुठे, हे शिकवा. फोन चालू असताना निर्णय घ्यायचाच नाही. 'नाव, हुद्दा आणि पोलिस ठाणं सांगा, मी ठाण्याच्या क्रमांकावर फोन करून तुमच्याशी बोलतो,' एवढं म्हणायचं आणि ठेवायचं. ठाण्याचा क्रमांक आपण स्वतः शोधायचा, त्याने दिलेला वापरायचा नाही. खऱ्या अधिकाऱ्याला यात काहीच वावगं वाटत नाही. 'फोन ठेवलात तर अर्ध्या तासात अटक' असं उत्तर आलं की निकाल लागला.

काउंटर_नंबर_चार

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त शेवटच्या परिच्छेदाला ज्येष्ठांसाठी थोडी दुरुस्ती. 'नाव, हुद्दा सांगा' म्हटलं की समोरचा लगेच ओळखपत्राचा फोटो पाठवतो, बॅज क्रमांक सांगतो, एफआयआरची प्रत पाठवतो. या प्रश्नांची तयारी त्यांच्याकडे असतेच. संभाषण लांबतं आणि ते लांबणं हेच त्यांना हवं असतं. सत्तरीच्या माणसाला मी एवढंच सांगेन : 'मी ठाण्यात येऊन बोलतो' आणि फोन कट. उत्तराची वाट पाहायची नाही. काही तरुण मंडळींना ठगांची फिरकी घेण्याची हौस असते, व्हिडिओही टाकतात. ज्येष्ठांना ते करू देऊ नका. त्यात चेहरा, आवाज, घराची माहिती आपणच पुरवतो आणि 'हा क्रमांक उचलतो' अशी नोंद त्यांच्या यादीत होते.

आता बँकेच्या बाजूने. यूपीआयवर रोजची मर्यादा साधारण लाखाची, म्हणून मोठी रक्कम ते आरटीजीएसने काढायला लावतात. आरटीजीएस किमान २ लाखांपासून होतं आणि त्याला वरची मर्यादा नाही. ग्राहक शाखेत येतो तेव्हा बऱ्याचदा खिशात फोन चालूच असतो आणि पलीकडचा ऐकत असतो. बँकेत काय सांगायचं तेही पढवलेलं असतं : घर घेतोय, नातेवाइकाचं ऑपरेशन आहे, मुलाला परदेशी पैसे हवेत. काउंटरवरच्याने जास्त विचारलं तर 'बँकवालेही सामील आहेत, त्यांचीही चौकशी चालू आहे' हे आधीच कानात भरलेलं. म्हणून ग्राहक चिडतो आणि 'माझे पैसे आहेत' म्हणतो. शाखेने कितीही जीव तोडून समजावलं तरी अशा वेळी अधिकार ग्राहकाचाच असतो.

एक तपासणी मात्र शाखेत न जाताही होते. 'रिझर्व्ह बँकेचं पडताळणी खातं' म्हणून जे खातं देतात त्याचा आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) पाहा. त्याची पहिली चार अक्षरं बँकेची असतात आणि पाचवं शून्य. ती अक्षरं एखाद्या खासगी वा सहकारी बँकेची निघतात आणि खातेदार म्हणून कुठलंसं 'ट्रेडर्स' किंवा 'एंटरप्रायझेस' किंवा एखाद्या व्यक्तीचं नाव असतं. रिझर्व्ह बँक सामान्य माणसांची खाती ठेवत नाही, आणि तपासासाठी नागरिकाचे पैसे स्वतःकडे वळवून घ्यायची कुठलीही पद्धत नाही.

आधीच करून ठेवण्यासारखं : नेट बँकिंग आणि यूपीआयची मर्यादा रोजच्या गरजेइतकी खाली आणावी, वापरत नसतील तर नेट बँकिंगमधले व्यवहार बंदच करून घ्यावेत. मोठ्या एफडी 'दोघांपैकी कोणीही' ऐवजी 'दोघांच्या सहीने' अशा ठेवल्या तर एकट्याला फोनवर घेरून त्या मोडता येत नाहीत. याची किंमतही आहे, ती सांगायला विसरू नका : एक जण आजारी पडला किंवा गावी असला की गरजेच्या वेळीही एफडी मुदतीआधी मोडणं अवघड जातं. त्यामुळे सगळ्या नाही, मोठ्याच तशा कराव्यात.

कलम_३५

कायद्याची बाजू जरा सविस्तर लिहितो, कारण ठग सगळा आव कायद्याचाच आणतात.

'डिजिटल अरेस्ट' असं काही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी) नाही. अटक म्हणजे माणूस प्रत्यक्ष ताब्यात घेणं. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची ओळख स्पष्ट दिसली पाहिजे, अटकेचा पंचनामा करून त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते (कलम ३६), कारण सांगावं लागतं (४७), नातेवाईक वा मित्राला कळवावं लागतं (४८), आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं (५८). चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे (३८). स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते (४३). आता ही कलमं ठगांच्या अटींशेजारी ठेवा : कोणाला सांगू नका, वकील नको, दार बंद ठेवा. 'गोपनीय तपास आहे, बोललात तर तोही गुन्हा' हे वाक्य ऐकलं की समोरचा पोलिस नाही, असं ज्येष्ठांना बेधडक सांगा.

अटक न करता चौकशीला बोलवायचं असेल तर पोलिस कलम ३५(३) ची नोटीस देतात. ती व्हॉट्सॲप किंवा तत्सम इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ रोजी दिला आहे. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ : साठीच्या वरच्या पुरुषाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला, अपंग वा गंभीर आजारी व्यक्तीला राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. तुमच्या बैठकीतल्या बहुतेकांना हे कलम लागू आहे, तेव्हा ते मोठ्या अक्षरांत लिहा. मी वर 'ठाण्यात येतो' हा सल्ला वाचला, तो फोन कट करण्यापुरता छान आहे. प्रत्यक्षात यांना जायची सक्तीही नाही.

एक बारकावा. न्यायालयाचं समन्स मात्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावण्याची तरतूद नव्या संहितेत आहे, आणि ठग त्याचा आधार घेतात. म्हणून 'मोबाइलवर आलेला प्रत्येक कागद खोटा' असं सांगू नका. कागद तपासायला सांगा :

न्यायालयाचा आदेश असेल तर त्यावरचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर (प्रकरणाचा ओळख) क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये टाकावा. जिल्हा आणि उच्च न्यायालयांची प्रकरणं तिथे दिसतात. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश म्हणून दाखवला तर त्याच न्यायालयाच्या संकेतस्थळावर डायरी किंवा प्रकरण क्रमांकाने शोधावं.

प्राप्तिकर खात्याच्या पत्रावर १ ऑक्टोबर २०१९ पासून डीआयएन हा दस्तऐवज क्रमांक असतो. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही 'नोटीस खरी आहे का' ते पाहता येतं. कस्टम्स आणि जीएसटीच्या केंद्रीय खात्याची पत्रंही तशाच क्रमांकाने त्यांच्या पोर्टलवर तपासता येतात. ईडीच्या समन्सवर क्यूआर कोड आणि पासकोड असतो. क्यूआर स्कॅन केल्यावर ईडीचंच संकेतस्थळ उघडतंय ना, हे पत्त्याच्या पट्टीत पाहावं. खोट्या कागदावर खोट्या संकेतस्थळाचा क्यूआर छापायला काय लागतं? म्हणून संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून क्रमांक तिथे भरणं जास्त बरं. संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असावं. त्याच्यानंतर तिरकी रेष (/) न येता आणखी काही चिकटलेलं असेल तर तो पत्ता सरकारी नाही.

आणि पैशांबद्दल. गुन्ह्याशी संबंधित खातं गोठवायचं असेल तर तपास अधिकारी बँकेला लिहितो (कलम १०६), बँक व्यवहार थांबवते. खातेदाराची परवानगी कोणी मागत नाही. ज्याच्या हातात खातं गोठवण्याचा अधिकार आहे तो तुम्हाला रांगेत उभं राहून आरटीजीएस करायला कशाला सांगेल? बैठकीत लोकांना हा प्रश्न विचारून शांत बसा, दहा नियमांपेक्षा तो जास्त काळ डोक्यात राहतो.

चिटणीस_बी_विंग

कलम १७९ हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. एक उपप्रश्न : शेजारी कोणी आत्ता अशा कॉलवर अडकलंय असा संशय आला तर काय करायचं? दार वाजवलं तर 'काही नाही, बरं नाहीये' म्हणून परत पाठवतात.

खिडकीतून

लक्षणं आधी. रोज खाली फिरायला येणारा माणूस दोन दिवस दिसत नाही, कामवालीला सुट्टी दिली आहे, दार फटीएवढंच उघडतो, बोलताना नजर मागे वळते, फोन कुठेतरी टेकवून चार्जिंगला लावलेला आणि त्याची स्क्रीन चालू. फोन केला तर कापला जातो किंवा 'मीटिंग चालू आहे' असं घाईने उत्तर येतं. यातच बँकेच्या फेऱ्या सुरू झाल्या असतील तर वाट पाहू नका.

दोघांनी जा, एक जण त्यांच्या ओळखीतला हवा. दारातून वाद घालू नका. आत गेल्यावर पहिलं काम कॉल तोडणं. त्यांच्या हाताने झाला तर उत्तम, नाहीतर वायफाय बंद करा आणि फोन विमान मोडवर टाका. फोन बंद करू नका आणि चॅट तर अजिबात पुसू नका. क्रमांक, खोटे कागद, खात्यांचे तपशील, सगळा पुरावा त्यातच आहे.

त्यानंतर माणूस सुटकेचा श्वास टाकेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो घाबरतो आणि तुमच्यावरच संतापतो, कारण त्याच्या मते आता अटक होणार. खरे पोलिस आले तरी काही जण त्यांच्यावरही विश्वास ठेवत नाहीत. 'तुम्ही फसलात' म्हणण्याऐवजी 'आपण तुमच्यासोबत ठाण्यात बोलू' म्हणा आणि स्थानिक पोलिस ठाण्याच्या क्रमांकावर स्पीकरवर बोलणं करून द्या. तेही जमत नसेल किंवा कोणी घरी येण्याची धमकी दिली असेल तर ११२. पुढचा दिवसभर त्यांचा फोन घरातल्या दुसऱ्या कोणाकडे असू द्या, कारण वेगवेगळ्या क्रमांकांवरून पुन्हा पुन्हा कॉल येतात.

आणि 'शिकलेली माणसं कशी फसतात' हा सूर बैठकीत नको. गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये डिजिटल अरेस्ट आणि तत्सम प्रकारांच्या १,२३,६७२ तक्रारी आल्या, रक्कम १,९३५ कोटींच्या वर. मोठ्या रकमा अर्थातच निवृत्तीचे पैसे गाठीशी असलेल्यांच्या जातात. लाज वाटली की तक्रार उशिरा होते.

यूटीआर_शोधक

आता पैसे गेल्यावर. खरी धावपळ इथे असते आणि बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी मुलाला फोन, मग शाखेत, मग पोलिस ठाण्यात, आणि १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन संध्याकाळी. उलटं करा. १९३० आधी.

कारण असं : गेलेली रक्कम पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाही. ती तुकडे करून दुसऱ्या, तिसऱ्या थरातल्या भाड्याच्या खात्यांत फिरते, मग एटीएम, धनादेश किंवा क्रिप्टोने बाहेर पडते. १९३० वर नोंद झाली की ती माहिती एकाच यंत्रणेतून संबंधित बँकांना जाते आणि ज्या खात्यात रक्कम अजून आहे तिथे ती रोखली जाते. तुमची शाखा फक्त स्वतःच्या खात्यापुरतं बघू शकते, पुढच्या बँकेचा थर तिच्या हातात नाही.

फोन करण्यापूर्वी हे कागदावर लिहून घ्या : आपली बँक आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, ज्या खात्यात गेले त्याचा तपशील आणि व्यवहार क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा हा क्रमांक १२ आकडी असतो, एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा. शाखेतून केलेल्या आरटीजीएसची पावती सापडत नसेल तर खात्याच्या उताऱ्यात तो दिसतो. एक अक्षर चुकलं की माग तिथेच थांबतो, त्यामुळे वाचून दाखवताना दोनदा तपासा. पाच व्यवहार झाले असतील तर पाचही सांगा. मोठाच सांगून लहान सोडले की ते रोखायचे राहून जातात.

नोंद झाल्यावर एसएमएसने पोचक्रमांक येतो. तो घेऊन सायबर गुन्हे नोंदणीच्या राष्ट्रीय पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन) २४ तासांच्या आत तक्रार पूर्ण करा, स्क्रीनशॉट आणि कागद जोडा. १९३० व्यस्त लागला तर थांबून राहू नका, थेट पोर्टलवरच 'आर्थिक फसवणूक' मध्ये नोंदवा आणि फोन लावत राहा. मग बँकेला लेखी कळवून पोच घ्या. त्यानंतर पोलिस ठाणं. हद्दीचा मुद्दा काढून परत पाठवता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते, ते विसरलं की तक्रार लटकते.

रोखलेले पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. त्यासाठी बहुधा न्यायालयात अर्ज करून (कलम ५०३) रक्कम परत देण्याचा आदेश घ्यावा लागतो. पोचक्रमांक, एफआयआरची प्रत आणि कोणत्या खात्यात किती रोखलंय याचा पोलिसांकडचा तपशील त्या अर्जाला लागतो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा दाखला देऊन 'तीन दिवसांत कळवलं की बँक सगळे पैसे देते' असं सांगणारे बरेच भेटतील. ते ग्राहकाच्या नकळत, त्याची चूक नसताना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः सही करून पाठवलेल्या आरटीजीएसला ते सहसा लागू पडत नाही. बँकेने कळवूनही हालचाल केली नाही, अशी तक्रार असेल तर बँकेकडे लेखी नोंदवून ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे बँकेला कळवल्याची वेळ सिद्ध करणारी पोच लागते.

आणखी एक, हे हमखास राहून जातं. तक्रारीनंतर काही आठवड्यांनी फोन येतो : 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा.' बहुतेकदा तीच यादी, तीच टोळी. पैसे परत मिळवण्यासाठी पोलिस, न्यायालय वा रिझर्व्ह बँक कोणाच्या खात्यावर शुल्क मागवत नाही.

पैसे गेले नाहीत, नुसता फोन आला, तर १९३० ची रांग अडवू नका. संचार साथीवरच्या 'चक्षू' मध्ये तो क्रमांक नोंदवा. गेल्या ३० दिवसांतल्या कॉल-मेसेजसाठी ती सोय आहे. आधारचा फोटो पाठवला गेला असेल तर माय-आधार पोर्टलवर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, अडचण आल्यास आधारची हेल्पलाइन १९४७.

टॉवरखाली

अवांतर, पण बैठकीत घ्याच : या वर्गातला दुसरा प्रकार बोलण्याचा नसून फाइलचा आहे. आरटीओ चलान, पीएम किसान, 'आज रात्री वीज तोडणार', पेन्शनचा हयातीचा दाखला, अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल येते. ती टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि मग ओटीपी न सांगताही जातो. चलान आहे का ते परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहावं. वीज थकबाकीसाठी तोडायची असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. रात्री साडेनऊला वगैरे कोणी तोडत नाही, शंका असल्यास वीज तक्रारीचा क्रमांक १९१२.

फाइल टाकली गेलीच तर : विमान मोड, वायफाय बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा. मग सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन्ही ठिकाणी त्या ॲपला दिलेली परवानगी काढा, त्याशिवाय ते काढू देत नाही. अनेकदा त्याचं चिन्हच दिसत नाही, तेव्हा ॲपची पूर्ण यादी उघडून शोधा. सापडलं नाही तर सेफ मोड, तेही जमलं नाही तर पुरावा म्हणून स्क्रीनचे फोटो काढून फॅक्टरी रीसेट. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून. कॉल फॉरवर्डिंग लागलंय का तेही बघा : *#२१# डायल करून दिसतं, ##००२# ने सगळं रद्द होतं.

चिटणीस_बी_विंग

सर्वांचे आभार. फोनजवळ चिकटवायला हा मजकूर केलाय, काही चुकत असेल तर सांगा :

'पोलिस, ईडी, ट्राय, कस्टम्स म्हणून फोन आला : "वकिलाशी बोलून येतो" म्हणा, फोन ठेवा, ब्लॉक करा. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. साठीच्या वर वय असेल तर जबाबासाठी पोलिसांनी घरी यायचं. एफडी मोडण्याआधी बी विंग चिटणीस किंवा मुलगा/मुलगी यांना फोन. पैसे गेले : १९३०, मग बँक, मग ठाणं.'

कलम_३५

दोन बदल. 'जबाबासाठी' ऐवजी 'साक्षीसाठी' लिहा, कारण कलम १७९ ची सवलत साक्षीदाराला आहे, संशयिताला दिलेल्या ३५(३) च्या नोटिशीला नाही. आणि 'स्त्री असल्यास कोणत्याही वयात' हे जोडा, तुमच्या मजकुरात ते सुटलंय.

काउंटर_नंबर_चार

आणि आपल्या पोलिस ठाण्याचा लँडलाइन क्रमांक त्यावर पेनने लिहायला रिकामी जागा ठेवा. छापून देऊ नका. बैठकीतच प्रत्येकाला स्वतःच्या फोनवरून तो लावून पाहायला लावा, जुने क्रमांक पुष्कळदा बंद असतात.